१९११ चा दिल्ली दरबार रंगीत? आमच्या घरी पैज लागली आहे

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण घरगुती आहे, पण प्रश्न खरा आहे.

परवा धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर एक फीत टाकली. खाली ओळ होती, '१९११ चा दिल्ली दरबार, मूळ रंगीत चित्रण'. सव्वा मिनिटाची आहे. झुली घातलेले हत्ती एकामागून एक येतात, एका हत्तीवर अंबारीत एक बडा साहेब आणि त्याची मड्डम, दोन्ही अंगांना फेटेवाल्यांची गर्दी, वर छान निळं आभाळ. सासऱ्यांनी (वय ८१, बांधकाम खात्यातून निवृत्त) चष्मा पुसून दोनदा बघितली आणि म्हणाले, "काहीतरीच. आम्ही साठ सालीसुद्धा काळेपांढरे सिनेमे बघायचो, १९११ ला कुठला आलाय रंग?" दीर म्हणाले, "बाबा, विलायतेत तेव्हा सगळं होतं." झालं! हरेल त्याने हापूसची पेटी आणायची असं ठरलं. पंच म्हणून मला बसवलंय, कारण मी 'नेटवर असते'.

फीत इथे डकवता येत नाहीये, म्हणून वर्णन केलं. तर १९११ साली रंगीत चित्रण होत होतं का, आणि ही फीत खरी का? उत्तर आंबे संपायच्या आत द्या.

तिरकस_तात्या
पंचाला काही मिळतं का? पंचाच्या सल्लागारांना?

लंबक
पहिला रंगीत चित्रपट 'किसान कन्या', १९३७. त्याआधी रंग नव्हता. सासऱ्यांना आंबे द्या, धागा बंद करा.

दुर्बीण
लंबकराव, दुरुस्ती. 'किसान कन्या' हा इथल्या इथे तयार झालेला पहिला रंगीत बोलपट, आर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा. त्याआधी १९३३ मध्ये प्रभातने 'सैरंध्री' रंगीत केला होता. त्याचं रंगाचं काम जर्मनीत करून आणलं, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

आता ताईंचा प्रश्न. उत्तर 'हो' आहे. त्या पद्धतीचं नाव किनेमाकलर. ब्रायटनकडच्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथने १९०६ मध्ये पेटंट घेतलं. पैसा आणि धंद्याचं डोकं होतं चार्ल्स अर्बन या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकनाचं. फेब्रुवारी १९०९ पासून लंडनच्या पॅलेस थिएटरात लोक रंगीत चित्रं बघत होते.

गंमत म्हणजे फिल्म काळीपांढरीच. कॅमेऱ्यात लाल आणि हिरव्या फिल्टरची एक फिरती चकती. एक चौकट लालमधून टिपायची, पुढची हिरव्यातून, मग परत लाल. दाखवताना प्रोजेक्टरवरही तशीच चकती. सेकंदाला साधारण ३२ चौकटी, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या वेगाच्या दुप्पट. दोन्ही रंग एकत्र करायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलेलं. रीळ नुसतं हातात घेऊन बघाल तर यात रंग आहे असा संशयसुद्धा येणार नाही.

पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त भरलेल्या १९११ च्या दरबाराला अर्बन स्वतः माणसं घेऊन दिल्लीत आला होता. बाकीच्या कंपन्यांचे कॅमेरेही होतेच. कुणी आपल्या फितींना दगाफटका करेल या धास्तीने तो त्या तंबूत खड्डा करून पुरून ठेवायचा आणि वर खाट टाकून झोपायचा, असं त्याच्याच आठवणींत आहे. इतरांच्या काळ्यापांढऱ्या फिती लंडनला आधी लागल्या. ह्याची लागली २ फेब्रुवारी १९१२ ला, स्काला थिएटरात. रंगमंचावर ताजमहालाचा देखावा, समोर वाद्यवृंद आणि खेळ चक्क अडीच तासांचा! खुद्द राजाराणी येऊन बघून गेले.

तेव्हा आंबे दिरांना.

तिरकस_तात्या
सासरे वरच्या कोर्टात जाणार.

मास्तर_भौतिकवाले
निकालाची घाई नको. रंग धरणं इतकं जड का गेलं ते आधी समजून घेऊ, पुढे उपयोगी पडेल.

सुरुवातीच्या फोटोच्या काचांवरचं रसायन फक्त निळा आणि जांभळा बघायचं. लाल त्याला काळोखासारखाच. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. आमच्या आजीच्या लग्नातल्या फोटोत कुंकू काळं कुळकुळीत आणि आभाळ पांढरं फटक आहे. फोटोग्राफरचा काही दोष नाही, काचेला तेवढंच दिसत होतं. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलला सापडलं की रसायनात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरवंही बघू लागते. तिथून रंगाचा रस्ता उघडला. लाल त्याहून उशिरा हाती लागला.

आणि त्याही आधीची एक भन्नाट गोष्ट. १८६१, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. मॅक्सवेलने (हो, विद्युतचुंबकीय लहरींवालाच) चौकड्याच्या एका कापडी फितीचा (रिबनचा) रंगीत फोटो पडद्यावर दाखवला. थॉमस सटन या छायाचित्रकाराकडून लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे फोटो काढून घेतले होते. मग तीन कंदिलांपुढे तेच तीन रंग ठेवून चित्रं एकमेकांवर पाडली आणि रंग उमटले. पण सटनची काच लाल बघतच नव्हती, मग लाल आला कुठून? शंभर वर्षांनी कोडॅकच्या लोकांनी छडा लावला. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत असणार, आणि लाल द्रावणातून नेमके ते किरण पार झाले. कारण चुकीचं, उत्तर बरोबर. दहावीच्या जर्नलांत मी दर वर्षी हा चमत्कार बघतो.

गोदाकाठची
मास्तर, कुंकवाचं वाचून माझ्या पणजीचा फोटो काढून बघितला. खरंच काळं! इतकी वर्षं मला वाटायचं त्यांच्यात बुक्का लावायची पद्धत असेल.

रंगवाली
माझ्या आयडीला जागून लिहिते. आजोबांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. फोटो काळापांढराच काढायचे, मग आगकाडीला कापूस गुंडाळून पारदर्शक रंग चढवायचे. गालांना गुलाबी, ओठांना जरा जास्त, दागिन्यांना पिवळा. शालूचा रंग गिऱ्हाईक सांगेल तो. आजोबांनी शालू बघितलेलाही नसायचा. एकदा एक बाई वीस वर्षांनी फोटो परत घेऊन आल्या, म्हणाल्या, नथीतला खडा लाल होता, तुम्ही पांढरा केलाय. आजोबांनी मुकाट्याने काडीला कापूस गुंडाळला.

सिनेमातही हेच चालायचं. पॅरिसला एलिझाबेथ तुलिये बाईंच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास बायका फिल्मवर ब्रशने रंग भरायच्या. एकीकडे एकच रंग. तिची पाळी झाली की रीळ पुढच्या बाईकडे. एकेक चौकट बोटाच्या पेराएवढी, आणि काही मिनिटांच्या फितीत अशा हजारो! मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाची १९०२ ची चंद्रावरची सफर तिथेच रंगलेली. तिची एक रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली. तेव्हा रंगीत सिनेमा म्हणाल तर दरबाराच्याही कितीतरी आधीपासून आहे.

लंबक
माझं आधीचं विधान मागे घेतो. पण रंगवाली, हा लावलेला रंग झाला, धरलेला नव्हे. कलप आणि काळे केस यांत फरक असतो.

रंगवाली
कलपाखाली केस त्याच माणसाचे असतात की!

तिरकस_तात्या
या उपमेमुळे काही सभासद डोक्यापासून दुखावले गेले आहेत.

कोथिंबीर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खिळेजुळारी
छपाईत तीस वर्षं काढली, त्यामुळे दुर्बीण यांनी किनेमाकलरचं सांगितल्याबरोबर डोक्यात पहिला प्रश्न आला, रजिस्टरचं काय?

आमच्याकडे चार प्लेटांनी चार रंग एकावर एक बसतात. एखादी केसभर सरकली की नटीच्या ओठांबाहेर लाली आणि डोळ्यांभोवती निळी कड. त्याला आम्ही रजिस्टर आऊट म्हणतो आणि मशिनवाल्याच्या नावाने शंख करतो. किनेमाकलरमध्ये लाल चौकट आधी आणि हिरवी नंतर. मधल्या अवधीत घोड्याने पाय उचलला तर लाल पाय एकीकडे, हिरवा दुसरीकडे. म्हणजे जे जे हलतं त्याचं रजिस्टर आऊट. मशिनवाल्याला शिव्या देऊनही उपयोग नाही, दोष पद्धतीतच आहे.

रशियाच्या प्रोकुदिन-गोर्स्कीचे फोटो बघा. झारच्या पाठबळावर १९०९ पासून तो साम्राज्यभर हिंडला, एकाच उभ्या काचेवर लागोपाठ तीन फिल्टरांतून तीन फोटो घ्यायचा. दगड, देवळं, डोंगर अगदी काल काढल्यासारखे. पण वाहतं पाणी आलं की त्यात इंद्रधनुष्य सांडलेलं, आणि चुळबूळ करणाऱ्या पोराला रंगीत कडा. १९११ चाच त्याचा बुखाराच्या अमीराचा फोटो आहे, झगा असा निळाभोर की डोळे निवतात. अमीर बसलाय मात्र दगडासारखा. बसणारच, तीन वेळा टिपायचं होतं ना!

आणि अभिमानाने सांगतो, आपले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी आमच्याच बिरादरीतले. लोणावळ्याला रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापखान्यात काम केलेलं, पुढे रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आलेले. तीन रंगांच्या तीन ठशांनी छापायच्या ब्लॉकचं मर्म कळलेला हा माणूस, पण १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' काळापांढरा. रंगाचं वेड असणाऱ्याला ते किती टोचलं असेल असं मला नेहमी वाटतं.

कोथिंबीर
खिळेकाका, काय सुंदर लिहिलंत! वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

ल्योंकर
गेली सहा वर्षं फ्रान्सात ल्योंला आहे. बटाट्याचा विषय अजून निघाला कसा नाही?

सिनेमाचे जनक ल्युमिएर बंधू याच गावचे. इथे मोंप्लेझिर भागात त्यांचा वाडा आता संग्रहालय आहे, आणि कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ती प्रसिद्ध फीत जिथे घेतली त्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. सगळे सिनेमाचं बघायला येतात. मी तासभर रेंगाळलो ते त्यांच्या ऑटोक्रोमच्या, म्हणजे रंगीत फोटोच्या काचांपाशी.

बटाट्याचं सत्त्व घ्यायचं आणि त्यातले मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे कण तेवढे निवडायचे. त्यांचे तीन भाग करून एक नारिंगी, एक हिरवा, एक जांभळा रंगवायचा. तिन्ही कालवून चिकट काचेवर एकच थर पसरायचा, फटींत काजळी भरायची, दाबून चपटं करायचं आणि वर फोटोचं रसायन. प्रत्येक कण म्हणजे एकेक इवलासा फिल्टर. फोटो एकदाच काढायचा, त्यामुळे खिळेकाकांच्या रजिस्टरची भानगडच नाही, कारण तिन्ही रंग एकाच काचेवर शेजारी शेजारी. पेटंट १९०३ चं, दुकानात आली १९०७ मध्ये. कागदावर प्रत नाही, काचच उजेडासमोर धरून बघायची. जवळून बघितलं तर रांगोळीची चिमूट उधळल्यासारखे ठिपके, दोन पावलं मागे सरकलात की बाईच्या मांडीवरची सफरचंदं.

एकच अडचण, उन्हातसुद्धा सेकंदभर किंवा जास्तच वेळ काच उघडी ठेवावी लागायची. हलणाऱ्या चित्रांसाठी अजिबात कामाची नव्हती. सिनेमा घरचा आणि रंगही घरचा, तरी दोघांची गाठ काही पडेना.

याच काचा घेऊन आल्बेर कान या बँकरने माणसं जगभर धाडली होती. ७२ हजार ऑटोक्रोम जमले. त्यांच्यातला स्तेफान पासे १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला होता, मुंबईतही. तेव्हा 'आम्ही साठ साली काळेपांढरे बघायचो' म्हणणाऱ्या काकांना सांगा, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीची मुंबई रंगीत आहे.

हापूसप्रेमी
बटाट्याऐवजी साबुदाणा वापरला असता तर उपवासाला चालला असता.

ल्योंकर
साबुदाण्याचा दाणा बघता फोटोत तीनच ठिपके मावले असते.

मास्तर_भौतिकवाले
हसू नका, कणाचा आकार हाच तर प्रश्न होता.

आडवाटा
अवांतर होतंय, पण ल्युमिएर निघालेच आहेत तर. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, पॅरिसच्या पहिल्या खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी. त्यांचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबई. तिकीट एक रुपया. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून जागा मिळू लागल्या आणि पडदा पाळणाऱ्या बायकांची वेगळी सोय झाली. तो खेळ बघून सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीच चित्रित केली. आपला पहिला चित्रविषय कुस्ती, हे किती शोभून दिसतं!

आणि १९११ च्या दरबाराचं म्हणाल तर मराठी माणसाला त्यातलं एकच आठवायला हवं. सयाजीराव गायकवाड मुजऱ्याला गेले, एकदाच मान लववली आणि वळून चालू लागले. राजाला पाठ दाखवली म्हणून लंडनच्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. त्या क्षणाची फीत आहे. महाराजांनी ते मुद्दाम केलं की गोंधळ झाला, यावर ती बघूनही लोक अजून भांडतात.

लंबक
मुद्दामच केलं. बडोद्याचं पाणी!

दुर्बीण
फीत बघून एवढंच कळतं की ते वळले. मनात काय होतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यांनी नंतर दिलगिरीचं पत्र दिलं, हेही विसरू नये.

लंबक
पत्र द्यावं लागलं, दुर्बीण. फरक आहे.

तिरकस_तात्या
आंबे सडायला लागले.

गोदाकाठची
बाप रे, केवढं काय काय! काल रात्री सगळं बाबांना वाचून दाखवलं. साबुदाण्याला खूप हसले, सयाजीरावांना मनातल्या मनात मुजरा केला आणि मग म्हणाले, "१९११ ला रंग होता हे मान्य. पण त्या खिळेवाल्यांचं ऐक, कडा शोध." म्हणून आम्ही दोघांनी फीत थांबवून थांबवून बघितली. हत्तींच्या सोंडा हलतात, पण कुठेही लाल-हिरवी कड नाही. उलट एका फेटेवाल्याचा हात पुढे आला की त्याचा रंग मागच्या माणसाच्या अंगरख्यात मिसळतो आणि हात मागे गेला की परत येतो. हे काय?

खिळेजुळारी
ताई, हे संगणकाने चढवलेले रंग. त्याला हात कुठला आणि अंगरखा कुठला ते कळेनासं झालं की तसं होतं. हल्लीचा कलप.

मास्तर_भौतिकवाले
आणि पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, 'छान निळं आभाळ'. तेव्हाच माझी पाल चुकचुकली होती. लाल आणि हिरवा दोनच फिल्टर, मग निळा आणायचा कुठून?

दुर्बीण
मान गये मास्तर! ह्याच निळ्याने किनेमाकलरचा घात केला. फ्रीझ-ग्रीन नावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पेटंटला आव्हान दिलं गेलं. मुद्दा हा की पेटंटात नैसर्गिक रंगांचा दावा आहे आणि निळा तर नीट येतच नाही. अपिलात ते टिकलं नाही, १९१४ मध्ये पेटंट रद्द. दरबाराच्या त्या अडीच तासांपैकी आज फारच थोडं शिल्लक आहे. सैन्याच्या संचलनाचा भाग २००० साली रशियात क्रास्नोगोर्स्कच्या दप्तरखान्यात मिळाला. त्यात हत्तींची मिरवणूक नाही.

तेव्हा माझा निकाल मागे. आंबे थांबवा.

आडवाटा
थांबा, हत्ती! ताई, अंबारीत साहेब आणि मड्डम म्हणालात ना? १९११ ला पंचम जॉर्ज दिल्लीत शिरला तो घोड्यावरून. इतका साधा दिसत होता की गर्दीतल्या कित्येकांनी त्याला ओळखलंच नाही, लोक हत्तीवरचा राजा शोधत राहिले. हत्तीवरून सपत्नीक मिरवला तो लॉर्ड कर्झन, आधीच्या दरबाराला. तारीख २९ डिसेंबर १९०२. त्या दरबाराला राजा आलाच नव्हता. कॅमेरे मात्र होते, सावेदादांनीही तो दरबार टिपला. सगळं काळंपांढरं.

म्हणजे फीत अस्सल आहे, पण साल चुकीचं, साहेब चुकीचा आणि रंग आत्ताचा.

लंबक
मग आंबे कुणाला?? दिरांचं म्हणणं बरोबर की १९११ ला रंग होता. सासऱ्यांचं म्हणणं बरोबर की फीत खोटी.

रंगवाली
खोटी नाही हो, रंगवलेली. त्या संगणकाला कुणीतरी नथीतला खडा विचारायला हवा होता.

गोदाकाठची
पंचांचा निकाल: दोघांनी अर्धी अर्धी पेटी आणायची. पेटी काल आली, आज निम्मी संपलीसुद्धा. सल्लागारांसाठी कोयी ठेवल्या आहेत, तात्या.

दिरांनी घरच्या ग्रुपवरून फीत काढून टाकली. बाबांनी मात्र तीच आपल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकली आहे, खाली स्वतःची ओळ घालून: 'कर्झन, १९०२. हत्ती खरे, आभाळ खोटे.' सकाळपासून तिथे वाद चाललाय की अंबारी चांदीची होती की सोन्याची.

तिरकस_तात्या
कोयी भाजून खातात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.